पिशवी रीतसर पोचली

मंगळवारी धाकटा कोठडीत वारला. गुरुवारी त्याच्या बायकोने माझ्या फोनवर फोटो पाठवला. फोटोत टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, मागे पोलीस उभे होते आणि टेबलाच्या कडेला पिशवी होती. पिशवीवर माझ्या मुलीचं आणि जावयाचं नाव होतं, तमिळमध्ये.

धाकटा म्हणजे माझा मुलगा नव्हे. थोरला आणि धाकटा हे आमच्या घरात पडलेले शब्द. दोघेही पूर्व आफ्रिकेतल्या एकाच देशाचे, पण एकमेकांच्या नात्यातले नाहीत. थोरला राजधानीत वाढलेला, धाकटा तळ्याकाठच्या एका गावातला. शिकायला चेन्नईला आले तेव्हा तांबरमला आमच्या माडीवर भाड्याने राहिले. थोरला राज्यशास्त्र शिकत होता, मी ज्या कॉलेजात ग्रंथपाल होते तिथेच. धाकटा दुसऱ्या कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकत होता.

ते राहायला आले त्या आठवड्यात शेजारच्या मामींनी माझ्या यजमानांना गेटापाशी गाठलं. "ह्यांना कशाला ठेवलंत? वर काय काय शिजवतील."

"मामी," यजमान म्हणाले, "माझा मेहुणा दिल्लीत काय शिजवतो ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. तो तर आमच्याच जातीचा आहे."

यजमान रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. आमचं घराणं तंजावरकडचं. घरात आम्ही जे मराठी बोलतो ते ऐकून पुण्याची माणसं हसतात. मी हे लिहिते आहे ते मराठी पुस्तकांतून शिकलेलं, म्हणून हळूहळू लिहिते. मुलांशी मात्र आम्ही इंग्रजी आणि तमिळ मिसळून बोलायचो. ती आम्हाला अप्पा, अम्मा म्हणायची. धाकटा थोरल्याला अण्णा म्हणू लागला आणि थोरला त्याला तम्बी.

हे नातं यजमानांनीच लावून दिलं. पहिल्या दिवाळीला पहाटे त्यांनी दोघांना खाली बोलावलं, पाटावर बसवलं आणि थोरल्याच्या डोक्याला तेल लावलं. मग तेलाची वाटी थोरल्याच्या हातात दिली. "आता तू ह्याला लाव. आमच्यात मोठा भाऊ धाकट्याला लावतो." थोरल्याने ते हसत हसत लावलं, पण नीट लावलं, कानांच्या मागेसुद्धा. धाकटा डोळे मिटून बसला होता. नंतर आंघोळ करून तो गल्लीभर फिरला आणि भेटेल त्याला तमिळ पद्धतीने, दिवाळीची आंघोळ झाली का या अर्थाने, विचारत सुटला, "गंगास्नानम् आच्चा?" शेजारच्या मामी एवढ्या हसल्या की त्यांनी आतून दिवाळीचं लेह्यम्, म्हणजे पाचक चाटण, आणून त्याच्या तळहातावर ठेवलं. औषधांचा विद्यार्थी तो. त्याने ते जिभेवर घोळवून त्यात सुंठ आहे, मिरी आहे, ओवा आहे असं एकेक सांगितलं. त्या दिवसापासून मामींची तक्रार संपली.

रात्रीच्या जेवणाला दोघं पुष्कळदा खालीच असायचे. धाकट्याला दह्यात कालवलेली डांगर पच्चडी आवडायची, थोरल्याला वाद. त्याचा प्रबंधच असा होता की सत्तेतली माणसं कशी बिघडतात याहून त्यांना बिघडू कोण देतं हे महत्त्वाचं.

"नेते काही आभाळातून पडत नाहीत, अप्पा," तो म्हणायचा. "आमच्या देशात सगळे मंत्र्यांना शिव्या देतात. पण आपल्या गावचा माणूस मंत्री झाला की त्याच गावात ढोल वाजतात. तो घर बांधतो, त्या घराच्या वास्तूला सगळे जेवायला जातात. पैसा कुठून आला हे विचारणं उद्धटपणाचं समजतात. खरा गुन्हा त्या न विचारण्यात आहे."

"आणि दवाखान्याच्या रांगेत उभी असलेली बाई?" धाकटा विचारायचा. "तिच्या कडेवरचं पोर तापाने फणफणलंय. आतला माणूस चहापाणी मागतोय. तिने काय प्रश्न विचारायचे? ती देणारच."

"तिने दिले की पुढचीलाही द्यावे लागतात."

"अण्णा, तू एकदा पोर कडेवर घेऊन रांगेत उभा राहा. मग प्रबंध लिही."

"हा बघा, अप्पा, ह्याला भाषण नको, गोळी हवी."

"गोळी खरी असली तर भाषणाची गरज लागत नाही," धाकटा म्हणायचा, आणि पुन्हा पच्चडी वाढून घ्यायचा.

मला थोरल्याचा अभिमान वाटे. मी त्याच्यासाठी दुसऱ्या कॉलेजांतून पुस्तकं मागवत असे. धाकट्यावर माया होती. पण घरातला शहाणा मुलगा थोरला, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

आमच्या मुलीच्या लग्नात दोघांनी वेष्टी नेसून पंगतीत वाढलं. आमच्याकडे लग्नाला आलेल्या माणसाला तांबूल देतात ते पिवळ्या कापडी पिशवीत. नारळ, विड्याची पानं, आणि पिशवीवर वधूवरांची नावं. पिशव्या उरल्या. धाकटा मायदेशी परत निघाला तेव्हा त्याने त्यांचा गठ्ठा मागून घेतला. "अम्मा, हिच्यातून औषधं देईन. प्लास्टिकपेक्षा बरी." थोरला त्याच्या आधीच परत गेला होता आणि सरकारी नोकरीत लागला होता.

पुढची वर्षं फोनवर गेली. धाकटा त्याच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात औषधांच्या कोठाराचा प्रमुख झाला. तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. थोरला आरोग्य खात्यात चढत चढत औषधखरेदीच्या विभागात अधिकारी झाला. दिवाळीला दोघांचेही फोन यायचे, आणि धाकटा अजूनही पहिला प्रश्न गंगास्नानाचाच विचारायचा.

मग एका दिवशी तो प्रश्न न विचारता बोलू लागला. हिवतापाच्या गोळ्या देऊनही मुलांचे ताप उतरत नव्हते. त्याने पट्ट्यांवरची चिकटपट्टी ओल्या कापसाने सोडवली, तर खाली जुनी तारीख निघाली. मुदत कधीच संपलेली. काही पट्ट्यांत तर त्याच्या मते औषधच नव्हतं, नुसती खडूसारखी भुकटी. "अम्मा," तो म्हणाला, "खोक्यांवर पत्ता तुमच्या शहरातला आहे. वेलचेरीचा. जाऊन बघाल?"

मी गेले. वेलचेरीच्या त्या गल्लीत आयटीवाल्यांच्या इमारती आहेत आणि तळमजल्यावर दुकानं. पत्त्यावर इडलीचं पीठ विकणारा माणूस होता. दाराच्या वर, पिठाच्या दरपत्रकाशेजारी, एका औषध कंपनीची लहानशी पाटी होती.

"ही कंपनी कुठे आहे?" मी विचारलं.

"पाटी आहे ना, मामी. तेवढीच आहे."

"आत कोण बसतं?"

"आत माझं ग्राइंडर बसतं." तो हसला. मी हसत नाही असं पाहून म्हणाला, "एक जण येतो, टपाल आलं असेल तर नेतो, पाटीचं भाडं देतो. वेळेवर देतो. मी काही विकत नाही, मामी. नुसती भिंत दिली आहे."

"त्या नावाने वाईट औषधं जातात. परदेशात. मुलं मरतात."

त्याने पिठाच्या डब्याचं झाकण लावलं. "इथे तर कुणाला काही झालं नाही," तो म्हणाला. "तुम्हाला पीठ हवंय का?"

मी पाटीचा फोटो काढून धाकट्याला पाठवला आणि घरी येऊन सगळं यजमानांना सांगितलं. ते ताठ बसले. नोकरीत होते तेव्हा बसायचे तसे. त्यांनी धाकट्याला फोन लावला.

"आरडाओरडा करू नकोस," ते म्हणाले. "वर्तमानपत्राकडे आधी गेलास तर म्हणतील ह्याला प्रसिद्धी हवी. थ्रू प्रॉपर चॅनल जा. नमुने बांध. पिशवीचं तोंड दुमडून शीव, आणि सही अशी कर की अर्धी दुमडीवर येईल आणि अर्धी पिशवीवर. कुणी उसवलं तर कळेल. ती खरेदी विभागाच्या अधिकाऱ्याच्या हातात दे. हातात. शिपायाकडे नाही."

पलीकडून धाकटा काहीतरी म्हणाला आणि यजमान हसले. "अरे, मग चांगलंच की! चॅनल तर आपल्या घरातच आहे."

खरेदी विभागाचा अधिकारी थोरला होता.

यजमानांवर हसणं सोपं आहे. पण ज्या माणसाने सारा जन्म कागद योग्य टेबलावर ठेवण्यात घालवला आणि ज्याचे बहुतेक कागद उशिरा का होईना पोचले, त्याला दुसरं काय सुचणार? आमची माणसं अशीच आहेत. बँकेत, रेल्वेत, टपालखात्यात आमच्या पिढ्या गेल्या. वर एक साहेब असतो आणि त्याच्याही वर एक असतो आणि कुठल्यातरी पायरीवर न्याय होतो, हे आम्ही देवासारखं मानलं. त्यात तो साहेब म्हणजे ज्याने दिवाळीला पाटामागे उभं राहून तेल लावलं तो भाऊ. मलासुद्धा वाटलं, आता काळजी नाही.

धाकट्याच्या बायकोने लग्नातल्या त्या पिवळ्या पिशव्यांपैकी एकीत नमुने घालून तिचं तोंड शिवलं. तो स्वतः बसने राजधानीला गेला आणि थोरल्याच्या घरी जाऊन ती त्याच्या हातात दिली. तिथेच जेवला. यजमानांनी दुसऱ्या दिवशी थोरल्याला फोन केला तेव्हा मी शेजारी बसले होते आणि फोनचा आवाज मोठा ठेवला होता. "पिशवी मिळाली, अप्पा," थोरला म्हणाला. "तुमच्या पद्धतीने शिवलेली आहे, बघूनच हसू आलं. तम्बीला म्हणावं आता झोप नीट."

त्यानंतर काही आठवड्यांनी पोलीस धाकट्याच्या घरी गेले. सरकारी औषधं चोरून बाहेर विकल्याचा आरोप होता. त्याला दमा होता. कोठडीत त्याचा इनहेलर त्याला दिला नाही, असं त्याची बायको सांगते. दिला होता, असं पोलीस सांगतात.

आणि मग तो फोटो. त्याच्या घरातून जप्त केलेला चोरीचा माल म्हणून तो तिथल्या वर्तमानपत्रात छापून आला होता. मी तो बोटांनी मोठा केला. पिशवीचं तोंड उसवलेलं होतं. दुमडीची खूण दिसत होती आणि तिच्या खाली धाकट्याची सही, अर्धी.

ती पिशवी त्याच्या घरात सापडणं शक्य नव्हतं. ती थोरल्याच्या घरी होती.

मी फोटो यजमानांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "दुसरी पिशवी असेल," ते म्हणाले. "त्याच्याकडे गठ्ठा होता." मग त्यांना अर्धी सही दिसली. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

धाकट्याच्या बायकोला नुकसानभरपाई नको होती. तिला कुणाला तुरुंगातही पाठवायचं नव्हतं. "अम्मा, तेवढी ताकद माझ्यात नाही," ती म्हणाली. "शाळेत मुलींना चोराच्या मुली म्हणतात. मला फक्त एवढं हवंय की कुणीतरी उघडपणे सांगावं, तो चोर नव्हता." ते सांगू शकेल असा माणूस एकच होता. मी त्याला फोन केले. त्याने घेतले नाहीत.

पुढच्या वर्षी तो स्वतःच चेन्नईला आला. कुठल्याशा सरकारी शिष्टमंडळाबरोबर, आता आणखी वरच्या हुद्द्यावर. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी एग्मोरच्या एका हॉटेलात त्याचा सत्कार ठेवला. सत्काराच्या आधी एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला, काजू आणि त्यांच्याकडची कॉफी घेऊन. वाकून पाया पडला. अंगाने भरला होता.

"अम्मा, बारीक झालात."

"पिशवीचं काय झालं?" मी विचारलं.

"कुठली पिशवी?"

"मला तू फोनवर म्हणालास ना," यजमान म्हणाले, "मिळाली म्हणून? शिवण बघून हसू आलं म्हणून?"

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला, पूर्वी बसायचा तिथेच. "अप्पा, मी ती वर पाठवली. माझ्याही वर माणसं आहेत. रीतसर पाठवली. तुम्हीच तर शिकवलंत." तो हे टोचून बोलला नाही. साध्या, थकलेल्या आवाजात बोलला, आणि म्हणूनच ते यजमानांना जास्त लागलं.

"वर काय होणार हे तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"मी त्याला सांगितलं होतं, जेवताना सांगितलं, की तम्बी, आता पुढे काही करू नकोस. तो ऐकणारा होता का?"

"म्हणजे माहीत होतं," यजमान म्हणाले.



"बरं, ते राहू दे," मी म्हटलं. "एवढंच सांग की त्याने पिशवी तुला आणून दिली होती. त्याने चोरली नव्हती."

"कुणाला सांगू?"

"तुमच्या कोर्टाला. तिथे भीती वाटत असेल तर वर्तमानपत्राला. तेही नको असेल तर त्याच्या मुलींना सांग. आत्ता. हा माझा फोन घे."

मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही. "फोन ऐकले जातात, अम्मा." मग म्हणाला, "मी त्या खुर्चीवर नसतो तर दुसरा असता. माझ्यामुळे निदान काही खोकी खरी येतात. आणि खोकी भरतात कुठे? तुमच्या शहरात. आमच्या बंदरात ती फक्त उघडतात. इथे कुणी विचारतं का, काय भरलंय?"

वेलचेरीचा पीठवाला माझ्या डोळ्यांपुढे आला. थोरला खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला संताप आला. घरातून शिकलेलं खरं तो पांघरूण म्हणून वापरत होता. यजमानांनी सवयीने केलेली फिल्टर कॉफी तो प्यायला, टंबलर उपडा घातला आणि गेला. काजू मी शेजारच्या मामींना देऊन टाकले.

सत्काराला शाल मी घालावी अशी कॉलेजवाल्यांची इच्छा होती. त्याच्या आवडत्या ग्रंथपाल म्हणून.

"जाऊ नकोस," यजमान म्हणाले. "गेलीस तर बोलशील."

"बोलायला नको?"

ते म्हणाले, "मला बघवणार नाही," आणि घरी राहिले.

मी गाडीने एग्मोरला गेले. नोकरीभर मी लोकांना गप्प बसायला सांगितलं. माइकसमोर कधी उभी राहिले नव्हते. हॉल भरलेला होता. थोरला बोलला, आणि फार चांगला बोलला. सत्ता बिघडते ती सामान्य माणूस गप्प बसतो म्हणून, नेते आभाळातून पडत नाहीत. वाक्यं तीच होती, आमच्या जेवणाच्या टेबलावरची. लोक माना डोलावत होते.

मग शाल माझ्या हातात दिली. मी ती तशीच हातावर ठेवून माइकपाशी गेले. मी म्हटलं, ह्यांच्याबरोबर आमच्या घरी आणखी एक मुलगा राहत होता. तो त्यांच्या देशात औषधांच्या चोरीच्या आरोपाखाली कोठडीत वारला. तो चोर नव्हता. वाईट औषधांचे नमुने त्याने शिवलेल्या पिशवीतून ह्यांच्या हातात दिले होते. ह्यांनी माझ्या यजमानांना फोनवर तसं सांगितलं, मी ऐकलं. तीच पिशवी पुढे चोरीचा माल म्हणून दाखवली गेली.

एवढंच. शब्द सगळे आले.

 सूत्रसंचालक मुलगी माझ्याकडे आणि थोरल्याकडे आळीपाळीने बघत राहिली. थोरला खुर्चीवरून उठला. सावकाश चालत आला, माझ्या हातावरची शाल त्याने स्वतः उचलून आपल्या खांद्यावर घेतली आणि माइकमध्ये म्हणाला, "अम्माने मुलगा गमावला आहे. मी भाऊ गमावला आहे. दुःखात माणूस कुणालातरी जबाबदार धरतो. मी तिचा राग आशीर्वाद म्हणून घेतो." आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणींनी डोळे पुसले. ज्या प्राध्यापकांबरोबर मी वर्षानुवर्षं काम केलं त्यांनी मला दंडाला धरून खाली आणलं आणि पाणी दिलं. "तब्येत सांभाळा," ते म्हणाले. नंतर जेवणाच्या रांगेत कुणीही मला काही विचारलं नाही. पिशवी खरंच दिली होती का, एवढंसुद्धा नाही. ती सगळी शिकलेली माणसं होती. पुष्कळांना मीच पुस्तकं दिली होती.

घरी येऊन मी धाकट्याच्या बायकोला फोन केला आणि जे झालं ते सगळं सांगितलं, टाळ्यांसकट.

"तुम्ही म्हणालात? चोर नव्हता असं, त्याच्यासमोर?"

"म्हणाले."

"माणसं पुष्कळ होती?"

"होती."

 मग तिने मुलींना हाक मारली आणि म्हणाली, "त्यांना पुन्हा सांगा. तुमच्या तोंडून." मी सांगितलं. मोठीने विचारलं, "मग त्या लोकांनी काय केलं?" मी म्हटलं, "ऐकून घेतलं." याहून जास्त काही मला सांगता आलं नाही.

यजमानांनी नंतर वकिलाकडे जाऊन शपथेवर लिहून दिलं की थोरल्याने पिशवी मिळाल्याचं फोनवर कबूल केलं होतं. ते तिथल्या वकिलाकडे पाठवलं. त्याचं उत्तर आलं: आरोपीच्या मृत्यूमुळे खटला बंद झाला आहे, आता नवीन पुरावा दाखल करून घेता येत नाही.

थोरला त्याच्या हुद्द्यावर आहे. वेलचेरीची पाटी दाराच्या वर आहे, मी मागच्या महिन्यात जाऊन पाहिली. यजमान आता कुणालाही सल्ला देत नाहीत. मुलींची आई त्यांना घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेली आहे. कोर्टाच्या कागदावर धाकटा दोषी नाही, निर्दोषही नाही. त्याच्या नावापुढे आरोपी लिहिलेलं आहे, आणि तसंच राहणार आहे.